चाक थांबले म्हणजे गाडी थांबली असे नव्हे



या पत्रिकेत माझ्याकडून आपण लागणीचे, खोडव्याचे, फार तर हुमणीचे काही वाचण्याची अपेक्षा धरता. शेतकी खात्याचा माणूस गाडीच्या ब्रेकवर लिहायला बसला, तर "आता एवढंच राहिलं होतं" असे कोणी म्हणेलही. पण लेख शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. हा विषय फडातूनच निघून रस्त्यावर आलेला आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. जानेवारीतली पहाट, दव चांगले पडलेले. आपल्या एका सभासदांचा मुलगा मोटारसायकलवरून फडाकडे निघाला होता. रात्रभर त्या फडातून उसाच्या ट्रॉल्या बाहेर पडत होत्या आणि टायरला चिकटून आलेल्या काळ्या मातीचा थर डांबरावर पसरला होता. वर दव पडून त्या थराचे लोणी झाले होते. समोर एक भरलेली ट्रॉली वळताना दिसली. पोराने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. चाके जागच्या जागी थांबली, गाडी मात्र थांबली नाही. ती तशीच सरकत गेली आणि आडवी झाली. दैव बलवत्तर, म्हणून मांडीचे हाड मोडण्यावर निभावले. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील मला म्हणाले, "सायेब, त्यानं ब्रेक तर दाबला हुता. मग गाडी का थांबली न्हाई?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आता देतो.

पाणी दिलेल्या सरीतून आपण चालतो. पाऊल टेकून राहते तोवर खालची माती पायाला धरून असते. एकदा का पाय सटकला, की मग कितीही रोवायचा म्हटला तरी तो पुढे पुढेच जातो. टेकलेल्या पायाला मातीची जेवढी पकड मिळते, तेवढी सरकणाऱ्या पायाला मिळत नाही. चाकाचेही असेच आहे. चाक फिरत असते तेव्हा त्याचा जो तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकतो, तो त्या क्षणापुरता रस्त्यावर पावलासारखा टेकलेला असतो. तो भाग उचलला जातो आणि त्याच्या जागी दुसरा टेकतो. म्हणजे चाक रस्त्यावर पावले टाकीत चालते. ब्रेक बेताने दाबला की चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित हळू फिरू लागते. शेकडा दहा ते वीस इतका हा फरक असतो तेव्हा टायरची पकड सर्वांत चांगली असते. ब्रेक त्याच्या पुढे दाबला की चाक फिरायचेच थांबते, म्हणजे जाम होते. मग ते चाक राहत नाही, रबराचा ठोकळा होतो आणि रस्त्यावरून नुसता घासत जातो.

यातला दुसरा तोटा पहिल्यापेक्षा मोठा आहे. फिरणारे चाक ज्या दिशेला वळवाल त्या दिशेला गाडी नेते. जाम झालेले चाक कुठेही वळवा, गाडी जिकडे चालली होती तिकडेच सरकत जाते. स्टिअरिंग हातात असते, पण त्याचा उपयोग उरत नाही. मोटारसायकलचे तर आणखी अवघड. दोन चाकांवरचा तोल आपण हँडल बारीक बारीक हलवूनच राखत असतो. पुढचे चाक जाम झाले की तोल राखायचे साधनच जाते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच माणूस जमिनीवर येतो.

आपले जुने गाडीवान ब्रेकचे शास्त्र शिकले नव्हते, पण त्यातले मर्म त्यांना ठाऊक होते. बुजलेल्या बैलाचा कासरा कोणी नुसता ताणून धरीत नसे. ताणायचा, जरा सैल सोडायचा, पुन्हा ताणायचा. बैल ताब्यात राहायचा आणि गाडीही वाटेवर राहायची. निसरड्या रस्त्यावर ब्रेकही असाच दाबत-सोडत वापरावा, असे जुने ड्रायव्हर सांगत. सांगणे बरोबर होते. पण समोर ट्रॉली दिसल्यावर माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस कासरा सैल सोडत नाही, तो ओढतच राहतो.

म्हणून हे काम यंत्राकडे दिले गेले. त्या यंत्रणेला अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टिम, थोडक्यात एबीएस, म्हणतात. ही कल्पना आधी विमानात आली. ओल्या धावपट्टीवर उतरताना विमानाची चाके जाम होऊन टायर फुटू नयेत, म्हणून १९५० च्या दशकात डनलॉप कंपनीने मॅक्सारेट नावाची यंत्रणा बनवली. पुढे १९७८ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या मोठ्या मोटारीत बसली. मोटारसायकलवर ती बीएमडब्ल्यूने १९८८ साली आणली. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना आणि नव्या मोटारींना एबीएस सक्तीची झाली. त्याहून लहान दुचाकींसाठी, एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागेल अशी जोडब्रेकची सोय तरी हवी, असे ठरले.

ती चालते कशी, तेही बघा. चाकाच्या मधोमध एक दातेरी किंवा खाचा पाडलेली कडी असते. तिच्यासमोर एक सेन्सर बसवलेला असतो. कडीचे दाते त्याच्यापुढून किती वेगाने जातात यावरून चाकाचा वेग त्याला कळतो. ही माहिती एका लहान इलेक्ट्रॉनिक पेटीकडे सतत जात असते. गाडी धावत असताना एखाद्या चाकाचा वेग एकदम पडू लागला, की ते आता जाम होणार हे पेटी ओळखते. ती त्या चाकाच्या ब्रेकऑइलचा दाब क्षणभर कमी करते. चाक पुन्हा फिरू लागले की दाब पुन्हा देते. हे ताणणे आणि सैल सोडणे सेकंदात अनेक वेळा होते. कितीही तयार ड्रायव्हर असला तरी त्याच्या पायाला ते जमायचे नाही. हा कासरा न घाबरणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून तो कामाचा.

आणखी पुढची पायरी म्हणजे गाडी आडवी फिरू नये म्हणून असलेली यंत्रणा. ती १९९५ साली मोटारीत आली. स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, हे ती ताडून बघते. दोन्ही जुळले नाही, तर नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते. पण तिचाही पाया चाकाच्या वेगावर नजर ठेवणारी ही एबीएसच आहे.

आता माझा पहिला मुद्दा. आपण मुलाला गाडी घेतो तेव्हा रंग, ॲव्हरेज आणि किंमत बघतो. काही हजार वाचतात म्हणून एबीएस नसलेले मॉडेल घेतो. गाडीला क्रॅशगार्ड बसवतो, टाकीला कव्हर घालतो, आणि जी वस्तू हाडे वाचवते तिथे मात्र काटकसर करतो. ज्याच्या गाडीला हंगामाचे पाच महिने चिखल-पाचटाच्या रस्त्यावरून जायचे आहे, त्याने ही काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपली एबीएस एका चाकाची की दोन्ही चाकांची, हे घेतानाच विचारून घ्यावे. बऱ्याच मोटारसायकलींना ती फक्त पुढच्या चाकाला असते, आणि अशा गाडीचे मागचे चाक जाम होऊ शकते.

ज्यांच्याकडे एबीएसची गाडी आहे त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, एबीएस काम करू लागली की ब्रेकच्या पेडलला किंवा लिव्हरला थरथर जाणवते, टर्रटर्र आवाज येतो. ब्रेकमध्ये काही बिघडले असे वाटून अनेक जण नेमका त्याच क्षणी पाय उचलतात. तसे करू नये. मोटारीत पाय घट्ट दाबून ठेवावा आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवावा. दाबणे-सोडणे यंत्र करीत आहे, आपण त्यात हात घालू नये. दुसरी गोष्ट, चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी चालू लागल्यावर विझतो. तो विझला नाही तर एबीएस बंद आहे असे समजावे. साधा ब्रेक लागत राहतो, पण चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण गेलेले असते. आपल्या भागात गाड्या फडात जातात, सेन्सरच्या कडीला चिखल आणि पाचटाचे तुकडे बसतात. गाडी धुताना तेवढी जागा जपून साफ करावी.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, एबीएसची गाडी घेतली म्हणजे काळजी मिटली. इथेच माझा दुसरा मुद्दा येतो, आणि तोच खरा आहे. एबीएस रस्त्यावर नसलेली पकड आणू शकत नाही. सोसायटीच्या खात्यात जेवढी शिल्लक, तेवढीच उचल मिळते. सचिव कितीही हुशार असला तरी रिकाम्या खात्यातून पैसे काढून देणार नाही. रस्त्यावर पकडीची जेवढी शिल्लक असेल, तेवढी पुरेपूर वापरून देणे एवढेच एबीएसचे काम. सुट्या खडीवर किंवा भुसभुशीत मातीवर तर एबीएसच्या गाडीला थांबायला कधी कधी जास्तच अंतर लागते. कारण तिथे जाम झालेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग लोटून त्याला अडते आणि फिरणारे चाक त्यावरून पुढे जाते.

थोडा हिशोब मांडू. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे. कोरड्या चांगल्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून ती सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. तेच डांबर चिखलाच्या ओल्या थराने माखले असेल आणि पकड कोरड्याच्या पावणेतीन-तीन आण्यांवर नव्हे, पण साधारण चार-साडेचार आण्यांवर आली असे धरले, तर थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, त्यात आणखी १४ मीटर. म्हणजे एकूण ६३ मीटर, दोनशे फुटांच्याही वर. वेग निम्मा, ताशी २५ केला, तर त्याच चिखलावर सगळे मिळून सुमारे १९ मीटर पुरतात. वेग निम्मा केला की ब्रेकचे अंतर निम्मे नव्हे, पाव होते. हा हिशोब कोणतीही कंपनी आणि कोणतीही यंत्रणा बदलू शकत नाही.

आणि हा हिशोब झाला मोटारीचा. आपल्या ट्रॅक्टरचे काय? ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, त्यांत पंधरा-वीस टन ऊस. ट्रॅक्टरला ब्रेक बहुधा मागच्या दोनच चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. निसरड्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू बघतो, पण मागचा ऊस थांबायला तयार नसतो. तो ट्रॅक्टरला ढकलतो, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. इथे चाक जाम होऊ न देणारे कोणतेही यंत्र नाही. जे काही आहे ते ड्रायव्हरच्या डोक्यात आणि पायात आहे.

म्हणून ट्रॅक्टरमालकांना हात जोडून सांगणे आहे. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनलाच गाडी अडवू द्या. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पेडले शेतात वेगळी ठेवली असतील, तर रस्त्यावर येताना ती जोडणारी कडी लावा. घाईत एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो. हे सांगायला दोन मिनिटे लागतात, विसरायला एक रात्रीची खेप पुरते.

आता त्या पहाटेकडे परत येतो. रस्त्यावर तो चिखल आला कोठून? पाऊस नव्हता. कालवा फुटला नव्हता. तो चिखल त्याच सभासदांच्या फडातला होता. तोडीला चार दिवस राहिले असताना त्यांनी उसाला पाणी दिले होते. का दिले, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेवटचे पाणी दिले की वजन वाढते, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तोडणीपूर्वी निदान पंधरा दिवस पाणी बंद करावे, भारी काळ्या जमिनीत त्याहून थोडे आधी, हे आम्ही शेतकी खात्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. सांगताना साखर उतारा वाढतो, जमीन दाबली जात नाही, खोडवा चांगला फुटतो, एवढीच कारणे देत होतो. ऐकणारा म्हणायचा, "उतारा कारखान्याचा, वजन माझं." त्याच पाण्याने आपल्याच पोराच्या चाकाखालची पकड जाते, हे कारण आम्ही कधी दिलेच नाही.

आणि दोष एकट्या सभासदांचा नाही. तो फड ओला आहे हे तोडीच्या आदल्या दिवशी मी बांधावरून बघितले होते. टोळी येऊन बसली होती, ट्रॅक्टर उभे होते, यार्डात ऊस कमी पडत होता. मी तोड थांबवली नाही. तोडणीच्या कार्यक्रमावर सही माझी आहे. पोराच्या वडिलांनी दवाखान्यात प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर देता आले नाही, त्याचे एक कारण हेही होते.

काही जाणती मंडळी म्हणतील, "आमच्या वेळी कुठे होतं हे एबीएस न फेबीएस? ऊस बैलगाडीनं जातच होता की." जात होता, खरे आहे. पण तेव्हा गाडीचा वेग बैलाच्या पावलाचा होता, आणि चिखलात बैल स्वतःच जपून पाय टाकत होता. आता वेग इंजिनचा आहे आणि रस्ता तोच आहे. कोणी असेही म्हणतील की टनावर पैसे मिळतात, खेपा वाढवल्याशिवाय ट्रॅक्टरचा हप्ता फिटत नाही. हेही खरे आहे, आणि ड्रायव्हरला शिव्या देऊन ते खोटे होणार नाही. म्हणून उपाय ड्रायव्हरच्या आधी सुरू व्हायला हवा.

माझ्या मते तो असा. ओल्या फडाची तोड सुरू करू नये. मात्र सभासदाचा नंबर जाऊ नये, तोड थोडे दिवस पुढे सरकवून त्याच पाळीत घ्यावी. नंबर जाईल या भीतीनेच ओलावा लपवला जातो. फडातून रस्त्यावर येण्याच्या जागी मालकाने दोन-चार ब्रास मुरूम टाकावा, आणि ट्रॉली डांबरावर चढण्याआधी टायरची माती फावड्याने काढावी. रोजची तोड संपली की रस्त्यावर पडलेली माती, पाचट आणि चेंगरलेला ऊस ओढून घ्यावा. टोळीतल्या दोन माणसांचे ते अर्ध्या तासाचे काम आहे. ट्रॉलीला ब्रेक आणि मागे दिवा-रिफ्लेक्टर असल्याखेरीज वाहतुकीचा करार करू नये, आणि ब्रेक बसवण्याचा खर्च वाहनमालकाच्या एकट्याच्या माथी न मारता त्यासाठी कारखान्याने उचल द्यावी. हे शेवटचे दोन विषय माझ्या अधिकारातले नाहीत. ते वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्याचा अधिकार आपला, सभासदांचा, आहे. तो आपण वापरावा.

माझ्या अधिकारातले एवढेच आहे, की येत्या हंगामात ओल्या फडाच्या तोडीवर मी सही करणार नाही. यार्डात ऊस कमी पडला म्हणून वरून बोलणी खावी लागली तरी चालतील. त्या वेळी आपण माझ्यावर रागावू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो.

तो मुलगा आता काठी टाकून चालू लागला आहे. परवा त्याचे वडील भेटले. एबीएसची गाडी घेऊन दिली म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सायेब, औंदा पाणी बी येळेत तोडणार हाय." गाडी घेतली ते बरे झाले. पण मला जास्त धीर आला तो त्यांच्या दुसऱ्या वाक्याने.

आपला,
ऊस विकास अधिकारी